निजामाच्या काळातल्यासारखी

नववीत गेल्यावर पद्मजा निकमला वाचा फुटली. त्याआधी ती वर्गात आहे की नाही, हे हजेरी घेणाऱ्या बाईंनाही मान वर करून बघावं लागायचं. मग पाठक बाईंनी एकदा बळेच तिला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं आणि काय झालं कुणास ठाऊक! माइकसमोर गेल्यावर त्या मुक्या पोरीच्या तोंडून अशी धो धो वाक्यं बाहेर पडली, की परीक्षकांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि शेवटी घंटी वाजवणारे सरच हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. ढाल मिळाली. तेव्हापासून पाहुण्यांचं स्वागत म्हणा, आभार म्हणा, हरवलेल्या डब्याची घोषणा म्हणा, शाळेत एकच ठरलेलं: "निकमला बोलवा." आणि निकम धावत यायची. आपला आवाज भोंग्यातून मैदानभर फिरून परत आपल्याच कानावर येतो, यासारखं सुख जगात दुसरं नाही, असं तिचं ठाम मत झालं होतं.

बोलायला तिला कुठलाही विषय चालायचा. एक सोडून. आपले अप्पा काय काम करतात, हा.

अप्पा म्हणजे वैजनाथ निकम. ते फायबरचं काम करायचे. शहरातली छावणी ओलांडून वेरूळच्या रस्त्याला लागलं, की पडेगावात त्यांचं पत्र्याचं शेड होतं. रिक्षाचे टप, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, एकदा तर एका हॉटेलवाल्याच्या दारात उभा करायला सोंड वर केलेला हत्तीसुद्धा. काम तसं बघायला मजेचं. आधी लाकूड आणि प्लास्टर वापरून हवी ती वस्तू घडवायची. तिच्यावरून साचा काढायचा. मग साच्याला आतून मेण चोळायचं, काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची आणि वर रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट रसायन, लावून ब्रशानं ठोकत राहायचं. रेझिन वाळलं की साच्यातून हलकी, टणक, गुळगुळीत वस्तू सुटून यायची. पण त्या काचेच्या धाग्यांची कुसळं! ती अंथरुणात शिरायची, टॉवेलात शिरायची, आईनं कितीही वेगळं धुतलं तरी पद्मजाच्या गणवेशात शिरायची, आणि ऐन गणिताच्या तासाला पाठीला अशी खाज सुटायची की विचारू नका. सहावीत असताना ती अशीच बाकाच्या कडेवर पाठ घासत होती, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ए, टाकीला खाज सुटली बघ." झालं! टाकी हे नाव पडलं ते आठवी संपेपर्यंत टिकलं. वक्तृत्वाच्या ढालीनं ते पुसलं. म्हणून तर ती ढाल पद्मजाला इतकी प्यारी होती.

तर त्या वर्षी अप्पांनी मोटार बनवायला घेतली.

कन्नड लाइनीवर पॅसेंजर वाहून वाहून खिळखिळी झालेली एक जीप त्यांनी आणली, तिचं वरचं सगळं उतरवलं आणि खालच्या सांगाड्यावर जुन्या काळच्या उघड्या मोटारीची फायबरची बॉडी चढवायचं ठरवलं. लग्नाच्या वरातीला अशा गाडीला मागणी असते, हे निमित्त. खरी गोष्ट अशी, की एका कॅलेंडरवरच्या मोटारीवर त्यांचा जीव जडला होता. लांबलचक नाक, चाकावरून लाटेसारखे उतरत गेलेले मडगार्ड, मागं गुंडाळून ठेवलेला कापडी टप. ते कॅलेंडर शेडच्या पत्र्याला अडकवून अप्पा आणि त्यांचा जोडीदार सांडू महिनोन्‌महिने खपत होते. मडगार्डाची लाट मनासारखी येईना, म्हणून अप्पांनी ती कितीदा तोडली याला गणती नाही. पुढच्या दिव्यांसाठी गुलमंडीच्या बाजारातून स्टीलची पातेली आली, त्यांची बुडं कापून आत ट्रॅक्टरचे दिवे बसले. चाकांच्या मधोमध चकचकीत काहीतरी हवं होतं. त्या दिवशी आशाबाईंच्या, म्हणजे पद्मजाच्या आईच्या, मांडणीवरची ताटं गायब झाली.

"माह्या माहेरची ताटं हायत ती!" आशाबाई शेडच्या दारात उभ्या राहून ओरडल्या. "उद्या इंजिन कमी पडलं तर मला जुंपा गाडीला."

"तुला नाय जुंपत," अप्पा आतून म्हणाले. "तू डावीकडं म्हणलं की उजवीकडं जाशील."

पद्मजानंही साच्याला मेण चोळलं होतं, सुट्टीभर. बॉडी साच्यातून सुटली तेव्हा ती तिथंच होती. सगळ्यांनी कडा धरून जोर लावला, करकर करत साच्यानं एकेक कोपरा सोडला, आणि आतून ते लांब नाक आणि त्या लाटा अशा बाहेर आल्या, जणू कुणी मोटार जन्माला घातली! पद्मजानं टाळ्या पिटल्या. पण शाळेत गेल्यावर एका मैत्रिणीलाही सांगितलं नाही. फायबर म्हटलं की टाकी आलीच.

त्या दिवसांत अप्पांच्या तोंडी एक शब्द सारखा असायचा. तो म्हणजे 'सारखी'. शेडवर कुणीही डोकावलं, की अप्पा हात पुसत पुढं व्हायचे. "जुन्या गाडीसारखी हाय. निजामाच्या काळातल्यासारखी. जुनी नाय बरं का, सारखी!" आणि समोरचा जरासा हिरमुसला, तर म्हणायचे, "अस्सल तर कुणीबी आणून उभी करंल. सारखी करून दाखवा म्हणावं."

सतरा सप्टेंबरला मराठवाडा मोकळा होऊन पन्नास वर्षं पुरी होणार होती. शाळेनं क्रांती चौकापर्यंत मिरवणूक काढायचं ठरवलं. पाहुणे म्हणून येणार होते नानासाहेब, कन्नडकडचे जुने स्वातंत्र्यसैनिक. पोरवयात निजामाच्या तुरुंगात राहून आलेले, आता सत्तरीचे. त्यांचे गुडघे धरलेले. त्यांना मिरवणुकीत कशावर बसवायचं, यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत खल चालला होता. निवेदन करणार म्हणून पद्मजाही तिथं उभी होती.

"बैलगाडी सजवू या," पाठक बाई म्हणाल्या.

"आणि भोंग्याला बैल बुजले तर?" मुख्याध्यापक सर म्हणाले. "नानासाहेब थेट जालन्याला पोचतील."

"मग टेम्पो."

"टेम्पोत माणूस बसवला की तो विसर्जनाला निघाल्यासारखा दिसतो हो, बाई."

आता इथं निकमनं गप्प उभं राहायला काय हरकत होती? कुणी तिला काही विचारलंही नव्हतं. पण नव्यानं बोलायला लागलेल्या माणसाला खोलीत शांतता झाली की ती भरून काढायची घाई होते.

"सर, आमच्याकडे गाडी आहे," ती म्हणाली. "उघडी. जुनी."

"जुनी म्हणजे किती?"

"निजामाच्या काळात..." पद्मजा थांबली.

अप्पा म्हणतात तसं पुरं म्हणायचं होतं तिला. 'काळातल्यासारखी'. शब्द जिभेवर तयार होता. पण तेवढ्यात सरांच्या भुवया वर गेल्या, पाठक बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि दोघांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक उमटलं, की 'सारखी' घशाखाली उतरून गेलं.

"निजामाच्या काळातली," ती म्हणाली.

"अस्सल?"

"हो, सर."

"अगं, मग ती तुमच्याकडे कशी?"

अजूनही मागं फिरता आलं असतं. पण निकमचं तोंड एकदा सुरू झालं की घंटीलाही ऐकत नाही, हे आपण बघितलंच. "एका सरकारी बंगल्यामागं पडून होती, सर. सुभेदारसाहेबांची होती म्हणे. अप्पांनी ती दुरुस्त केली." 'दुरुस्त' हा शब्द तर तिला इतका आवडला, की मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठ थोपटली. दुरुस्त! त्यात कुठं रेझिनचा वास नव्हता, कुठं खाज नव्हती.

"सर, योग बघा!" पाठक बाई उभ्याच राहिल्या. "ज्यांनी निजामाला घालवलं, ते निजामाच्याच मोटारीत बसून मिरवणार! निकम, हे सगळं निवेदनात घे. छान रंगव."

निकमनं रंगवलं.

घरी मात्र तिनं एवढंच सांगितलं, की शाळेला आपली गाडी हवी आहे. अप्पांचा घास हातातच राहिला.

"शाळेला? माही गाडी?" त्यांनी बायकोकडं बघितलं. "ऐकलं का? वरातीच्या आधी मिरवणूक! उद्या सरांना भेटूनच येतो."

"नको!" पद्मजा एवढ्या जोरात म्हणाली, की आईनं तव्यावरून वर बघितलं. "म्हणजे... मी सांगितलंय सगळं."

"फायबर हाय, पोरं वर चढली तर तडकंल, हे बी सांगितलं?"

"हो."

"बरं केलं. मला बाबा सरांपुढं धड बोलता येत नाय." आणि मग आशाबाईंना, मोठ्या कौतुकानं, "हिला येतं."

पद्मजा अर्ध्या भाकरीवरून उठली आणि हात धुवायला गेली.

मिरवणुकीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी मोटार आली आणि लेझीमवाल्या पोरांनी रांगा मोडल्या. होतीच ती तशी! गडद मरून रंग, झेंडूच्या माळा, आणि पातेल्यांच्या दिव्यांवर ऊन असं चमकत होतं, की त्यात कधी काळी वरण शिजलं असतं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मागं सांडू फडकं घेऊन उभा. पद्मजा मोटारीभोवती घिरट्या घालत होती. कुणी पोरगं जवळ आलं, की ओरडायची, "हात लावू नका! लांबून बघा!" कारण हात लागला, की ठोकून बघितलं जाणार. आणि ठोकलं, की आवाज येणार.

"बघ सांडू," अप्पा म्हणाले. "पोरीला गाडीची माह्यापेक्षा जास्त काळजी."

नानासाहेब रिक्षातून उतरले. उंच, वाळके, खादीची टोपी, हातात काठी. सगळे सर पुढं धावले, पाठक बाईंनी खूण केली, आणि पद्मजानं माइक तोंडाशी धरला.

"मान्यवर पाहुणे, गुरुजन आणि माझ्या बंधुभगिनींनो! आपल्यासमोर उभी असलेली ही मोटार साधीसुधी नाही. निजामी राजवटीत या मोटारीतून जुलमी सुभेदार फिरत असे..."

वाक्य निम्म्यावर आलं आणि तिच्या ध्यानात आलं, की अप्पा ऐकतायत.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं! सरांचा विचार केला, बाईंचा केला, टाळ्या कुठं पडतील त्याचा केला. अप्पा तिथंच, मोटारीशेजारी, दोन्ही कान उघडे ठेवून उभे असणार, याचा केला नाही. आणि तोंड तर थांबेना. पाठ केलेलं होतं ना, ते आपलं आपण बाहेर येत राहिलं. सरकारी बंगला, तिथली धूळ, काळाचा पडदा, दुरुस्ती. अप्पांच्या चेहऱ्यावर मघापासून जे हसू होतं, ते तसंच होतं, फक्त त्यातून अप्पा कुठंतरी निघून गेले होते. सांडूनं तोंड उघडलं. अप्पांनी त्याच्याकडं न बघता त्याच्या दंडावर हात ठेवला आणि दाबला. सांडूनं तोंड मिटलं.

नानासाहेबांनी एक पाय मोटारीच्या पायरीवर ठेवलेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

"कुणाची म्हणालीस गं, बाळ?"

"सु... सुभेदाराची."

"मग मी नाही बसायचा." ते मुख्याध्यापकांकडं वळलेच नाहीत, सरळ अप्पांकडं वळले. "गाडी तुमची?"

"व्हय, साहेब."

"नाव?"

"वैजनाथ निकम."

"गाव?"

"कन्नडकडचंच हाय, साहेब."

"कन्नडकडचे! मग घरात कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" नानासाहेबांचा आवाज चढला नव्हता, पण लेझीमवाल्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. "सुभेदाराची मोटार आली, की आम्ही रस्त्याच्या कडेला माना खाली घालून उभं राहायचं. एकदा माह्या बापाला मान खाली घालायला उशीर झाला. त्याला मोटारीपुढं पळवलं. बाप पुढं, मोटार मागं, शिवेपर्यंत. मी बघितलंय. आणि तुम्ही तीच मोटार धुऊनपुसून, माळा घालून आणली? मला बसवायला? काही वाटत नाही का तुम्हाला?"

अप्पांनी हात जोडले.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले.

एवढंच. पद्मजाला वाटलं, आता बोलतील. आता सांगतील, की साहेब, हिच्यात निजामाचं काय नाय, पातेली हायत गुलमंडीची. सांगणं किती सोपं होतं! एका वाक्याचं काम. पण अप्पा हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले, त्या खोट्या सुभेदाराच्या खोट्या मोटारीशेजारी, आणि लोक त्यांच्याकडं बघत होते. एक सर दुसऱ्या सरांना म्हणाले, "जमवतात कुठून कुठून लोक." तेही ऐकू आलं. पद्मजाचे कान तापले, मान तापली, पाठीवर कुसळं टोचावीत तसं सगळं अंग टोचायला लागलं.

"फायबर आहे ते," ती म्हणाली.

माइक हातातच होता. भोंग्यानं आधी एक किंकाळी फोडली आणि मग 'आहे ते' हे शब्द रस्त्याच्या पार पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत नेले.

"काय?" मुख्याध्यापक म्हणाले.

"फायबर आहे. निजामाची नाहीये ती. सुभेदाराचीपण नाहीये. अप्पांनी बनवलीये, पडेगावला. खाली जीप आहे. मी... मी खोटं सांगितलं. अप्पांना माहीत नव्हतं."

मग रांगेच्या मागून एक बारीक आवाज आला, "टाकी!" आणि हसू असं पसरत आलं, की लेझीमसुद्धा हातातल्या हातात वाजायला लागली. पाठक बाईंनी येऊन तिच्या हातातून माइक काढून घेतला. ओढून नाही घेतला. नुसता काढून घेतला, आणि त्यानंच जास्त लागलं.

नानासाहेब मोटारीच्या नाकापाशी गेले. काठीच्या मुठीनं त्यांनी ठोकलं. टप टप. पोकळ, बुटका आवाज. नुकत्याच रिकाम्या झालेल्या टाकीवर मारावं तसा.

"उघडा बघू," ते म्हणाले.

सांडूनं झाकण उघडलं. आता त्याला अडवायला कुणी नव्हतं. "बघा साहेब, कन्नड लाइनीची जीप हाय! मागं लटकून तुम्ही बी आला असाल कवातरी हिच्यात."

"लटकून नाही रे," नानासाहेब वाकून इंजिनाकडं बघत म्हणाले. "कोंबड्यांच्या पाटीवर बसून आलोय. कोंबड्यांनी सगळ्या घाटात मला शिव्या घातल्या." मग ते सरळ झाले. अप्पांकडं बघत राहिले. "आणि मघाशी मी एवढं बोललो. तुम्ही बोलला का नाहीत?"

अप्पांनी जोडलेले हात अजून सोडले नव्हते. "पोरगी माइकवर होती, साहेब," ते म्हणाले. "मधी कसं बोलावं?"

अप्पांच्या खांद्याचा आधार घेऊन नानासाहेब वर चढले, मागच्या गादीवर बसले, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी केली आणि म्हणाले, "त्या पोरीला पुढं बसवा. तिच्या बापाची गाडी आहे."

त्यांना वाटलं, आपण पोरीवर माया केली. पद्मजाला वाटलं, त्यापेक्षा मला मोटारीपुढं पळवा. पण सगळ्यांच्या देखत 'नाही' कसं म्हणणार? ती अप्पांशेजारी जाऊन बसली, आणि शाळा ते क्रांती चौक हा सगळा रस्ता तिनं आपल्याच गुडघ्यांकडं बघत काढला. दोन्ही बाजूंनी लोक फुलं टाकत होते. लेझीम वाजत होती. माइकवर नववी 'ब' मधली उमा होती. ती कागदावरून अडखळत वाचत होती आणि प्रत्येक अडखळण्यावर पद्मजाचे ओठ आपोआप पुढचा शब्द जुळवायचे, मग तिला आठवायचं आणि ती ते मिटून घ्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे टप टप. आता कुणाला भीती उरली नव्हती. धावत यायचं, मडगार्डाला एक टप्पल मारायची, आवाज ऐकून खिदळत पळून जायचं, हा पोरांचा खेळच झाला. अप्पा एकालाही रागावले नाहीत. डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर.

परतताना मोटारीत तिघंच होती. अप्पा, ती आणि मागं, नानासाहेबांच्या जागी, सांडू. छावणीतून जाताना झाडांच्या सावल्या त्या लांब नाकावरून सरकत होत्या. पद्मजा वाट बघत होती. आता बोलतील. ओरडतील. विचारतील, की काहून? आणि त्या 'काहून'ला काय सांगायचं? की मला निजामाची गाडी चालली, तुमची नाही चालली?

"पदमे," अप्पा म्हणाले.

तिनं डोळे मिटले.

"नानासाहेबांनी सुभेदाराची मोटार डोळ्यांनी बघितलेली. व्हय ना?"

"हं."

"लांबून नाय. बाप पुढं पळतोय म्हणल्यावर जवळून बघितली असंल." अप्पांनी गिअर बदलला. "तरी त्यांना वळखू आली नाय!"

आणि त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

"पाय खाली घेतला म्हाताऱ्यानं!" सांडू मागून ओरडला. दिवसभर त्याच्या पोटात ते कोंडून राहिलं असावं. "पायरीवरचा पाय खाली घेतला, अप्पा!"

"म्हंजी मडगार्डाची लाट जमली," अप्पा म्हणाले. "मी तुला म्हणलं नव्हतं? पुन्हा तोडून करू म्हणलं तवा तू तोंड वाकडं केलतंस."

दोघं हसायला लागले. अप्पा इतके हसले, की त्यांनी मनगटानं डोळे पुसले. त्या हसण्याच्या खाली आणखी काही होतं का, हे पद्मजाला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं असतं. पण तेवढी मान वर करायची हिंमत तिच्यात नव्हती.

"अप्पा, मी..."

"घरी गेल्यावर आईला सांगू. तिच्या ताटांचं बी नाव झालं म्हणावं."

आणि ते सांगायचं काही केल्या संपेना. आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, रेझिन घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगितलं. दिवाळीनंतर वरातीसाठी गाडी बघायला लोक यायला लागले, तसं ते आणखी रंगत गेलं. पद्मजाच्या एक गोष्ट लगेच लक्षात आली. अप्पांच्या त्या गोष्टीत माइक नव्हता. निवेदन नव्हतं, सरकारी बंगला नव्हता, 'चुकलं, साहेब' नव्हतं. त्यात एवढंच होतं, की नानासाहेब आले, त्यांनी मोटारीकडं नुसतं बघितलं आणि आपल्या आपणच म्हणाले, ही तर सुभेदाराची मोटार, मी हिच्यात बसायचा नाय! सांडूही आता तसंच सांगायचा. कुणी कुणाला शिकवलं, देव जाणे. पद्मजाचं खोटं त्या दोघांनी मिळून असं सफाईनं काढून टाकलं होतं, की सांधा कुठं आहे ते हात फिरवूनही सापडलं नसतं.

एका रविवारी सिल्लोडकडचे कोणी तात्यासाहेब आपल्या जावयाला घेऊन शेडवर आले. पद्मजा दुसऱ्या गाडीच्या साच्याला मेण चोळत होती. आजकाल ती सुट्टीच्या दिवशी न बोलवता यायची आणि फारसं बोलायची नाही. शाळेत माइक उमाकडंच होता.

अप्पांनी हात पुसले. सुरुवात केली. "जुन्या गाडीसारखी हाय. जुनी नाय बरं का, सारखी..." आणि मग नानासाहेब, पायरी, खाली घेतलेला पाय.

"काहीतरीच!" तात्यासाहेब हसले. "स्वतःहून म्हणाले? अहो, तुम्ही गिऱ्हाईक बघून सांगताय."

"खोटं काहून सांगू?" अप्पा म्हणाले. "ही माही पोरगी. तिथंच होती, मोटारीपाशी. इचारा हिला. पदमे, म्हणले का नाय नानासाहेब?"

तिघंही तिच्याकडं बघायला लागले. अप्पांच्या चेहऱ्यावर जराही वेगळं काही नव्हतं. नेहमीसारखं हसू, भुवया किंचित वर.

पद्मजाच्या हातातलं फडकं थांबलं. कान तापले.

"म्हणले," ती म्हणाली, आणि खाली वाकून साच्याचा तोच कोपरा पुन्हा चोळायला लागली.